गादीवाल्यांच्या परसातलं झाड

गादीवाल्यांच्या दुकानामागे परस होतं. म्हणजे परस म्हणायची पद्धत होती एवढंच. एक नळ, धुणं वाळत घालायच्या दोन तारा, मोडक्या पलंगांचे पाय आणि कुणीतरी दुरुस्तीला आणून परत न नेलेला सोफा, एवढाच त्याचा पसारा. त्या सोफ्याच्या मागे, भिंतीच्या कडेला, ते झाड उगवलं. ते पहिल्यांदा कुणी पाहिलं यावर पुढे घरात बरीच हुज्जत झाली. पण त्याच्याबद्दल पहिल्यांदा विचारलं ते सूनबाईने, यात कुणाचंच दुमत नव्हतं. विचारणं हे त्या घरात तिचंच खातं होतं.

सूनबाई त्या घरची धाकटी सून. लग्न होऊन आली तेव्हापासून सासरे, म्हणजे आप्पा, दुकानातून "सूनबाई, दाभण!", "सूनबाई, सुतळी!" असा पुकारा करत आले. ते ऐकून गिऱ्हाइकंही तिला सूनबाई म्हणू लागली, आणि आता कानाजवळचे केस पांढरे झाले तरी ती सगळ्या गल्लीची सूनबाईच होती. खोळी शिवणं तिच्याकडे, जुन्या गाद्या उसवणंही तिच्याकडेच. गादी उसवायला घेतली की तिचं डोकं चालू व्हायचं. कापूस कुठे दबलाय, कुठे गोळा झालाय, कुठल्या बाजूची शिवण झिजलीय हे बघून ती सांगायची, "हा माणूस भिंतीकडे तोंड करून झोपतो. आणि पायथ्याशी बसून मोजे घालतो."

"आपल्याला गादी भरायचीय," आप्पा म्हणायचे. "पंचनामा नाही करायचा."

आप्पांचा स्वभाव उलटा. त्यांनी उभं आयुष्य कापसात घातलं होतं. पिंजायचं मशीन आलं, तरी चिमूटभर कापूस दोन बोटांत ओढून पाहिल्याशिवाय ते ट्रकमधून गाठ उतरवून घेत नसत. "आखूड आहे", "ओल धरलीय", "यात जुना मिसळलाय", असं डोळे मिटून सांगत आणि ते खरं निघे. कापसापलीकडच्या जगाशी मात्र त्यांचं फारसं देणंघेणं नव्हतं. झाड म्हणजे सावली, सावली नसेल तर अडगळ, इतका त्यांचा हिशोब साधा होता.

सूनबाईच्या नवऱ्याला सगळे धाकटा म्हणत. थोरले दोघे भाऊ नोकऱ्या धरून दुसरीकडे गेले आणि दुकान याच्या गळ्यात पडलं; गळ्यात पडलेलं त्याने मनापासून सांभाळलं, पण नाव काही थोरलं झालं नाही. सकाळी तयार गाद्या टेम्पोत घालून पोचवायला निघायचा, येताना जुन्या घेऊन संध्याकाळी परतायचा. दुकानात आता पाय ठेवायला जागा उरली नव्हती, म्हणून परसात पत्र्याची शेड घालायचं त्याच्या मनात होतं.

"त्या सोफ्यामागे काय उगवलंय हो?" एका सकाळी सूनबाईने त्याला विचारलं.

"गवत असेल."

"गवताला असली पानं असतात का? पंजासारखी आहेत."

"मग पंजासारखं गवत असेल. जे असेल ते. सोमवारी गवंडी येतोय. सगळं उपटून जागा साफ करायचीय."

"नाव कळल्याशिवाय उपटायचं नाही."

"नाव कळून काय करणारेस? शोकसभा घेणारेस?"

"सोमवारपर्यंत वेळ आहे ना मला?"

"आधी कुठला सोमवार ते गवंड्याला विचार," आतून आप्पा म्हणाले.

आप्पांना माणसं बरोबर कळत. गवंडी त्या सोमवारी आला नाही. पुढच्या सोमवारी त्याच्या मेव्हण्याचं काहीतरी निघालं, त्याच्या पुढच्या सोमवारी वाळू आली नाही. तोवर झाड गुडघ्याचं कमरेला आलं. खोडावर लालसर झाक, पानांवर आणि देठांवर अगदी बारीक काळे ठिपके, टाचणीच्या टोकाने टोचल्यासारखे. सूनबाईला आधी तो रोग वाटला. तिने ओल्या फडक्याने पान पुसून पाहिलं. ठिपके पुसले गेले नाहीत. मग तिला ते झाडाचेच वाटले आणि तिने फडकं खांद्यावर टाकलं.

मग कळ्या आल्या. प्रत्येक कळीला तीन हिरव्या पानांची दातेरी झालर, लहान मुलीच्या फ्रॉकला लावतात तशी. आणि एका सकाळी धुणं वाळत घालताना तिला पहिलं फूल दिसलं. सायीसारखं पिवळसर, पाच पाकळ्या एकीवर एक वळवून ठेवलेल्या, आणि आत तळाशी किरमिजी ठिपका. वास शून्य. तिने बोट आत घालून पाहिलं तर बोटाला पिवळी पूड लागली. ती तशीच बोट पुढे धरून दुकानात गेली आणि आप्पांना दाखवलं.

"हात धू," आप्पा म्हणाले. "पांढऱ्या खोळीला लावशील."

संध्याकाळी धाकटा टेम्पो लावून नळावर हातपाय धुवायला गेला आणि तिथूनच ओरडला, "आलं ग तुझं फूल! छान आहे की, गुलाबी."

"गुलाबी?" सूनबाई दारात आली. "पिवळं आहे."

"गुलाबी आहे."

"मी सकाळी हात लावून पाहिलंय."

"मी आत्ता डोळ्यांनी पाहिलंय. दहा जणांना विचार, गुलाबी म्हणजे गुलाबी."

दोघं बघायला गेली तोवर अंधारून आलं होतं. परसातला बल्ब लावला, पण त्या उजेडात सगळंच पिवळं दिसत होतं, धाकट्यासकट. "बघा," ती म्हणाली. "असलं बघणं मला नको," तो म्हणाला. त्या दिवशी जेवणं जरा गप्पच झाली. त्यांची मुलगी कॉलेजात होती, घरात तिला चिमणी म्हणत. तिने दोघांकडे आळीपाळीने बघून विचारलं, "तुम्ही फुलावरून भांडताय?" तेव्हा आप्पा म्हणाले, "भांडू दे. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर नवीन विषय मिळणं सोपं नसतं."

दुसऱ्या सकाळी सूनबाई तोंडही न धुता मागे गेली. फूल गुलाबीच होतं. अगदी उघड, निर्विवाद गुलाबी, पाकळ्या मिटत आलेल्या. ती बराच वेळ त्याच्यासमोर उभी राहिली. आपण काल चुकलो असं तिला वाटेना, आणि नवरा चुकलाय असंही म्हणता येईना. दोघं बरोबर असू शकतात हा तिसरा रस्ता तिला तिथेच, दात न घासता, सुचला.

दोन दिवसांनी आणखी फुलं आली. ती उमलली त्या सकाळी तिने शिवणाच्या डब्यातून पांढरा दोरा घेतला आणि प्रत्येक पिवळ्या फुलाच्या देठाला एक सैलसर गाठ मारली. दुपारी जेवणानंतर पाहिलं, पाकळ्यांच्या कडांना लाज चढल्यासारखी झाक होती. संध्याकाळी गुलाबी. दुसऱ्या सकाळी पांढरा दोरा असलेलं फूल चक्क डाळिंबी, आणि शेजारी नवीन उमललेलं, बिनदोऱ्याचं, पिवळं.

तिने धाकट्याला टेम्पोतून खाली उतरवून आणलं. "तुमचंही खरं, माझंही खरं," ती म्हणाली. "एकच फूल आहे. ते रंग बदलतं."

धाकट्याने दोरा पाहिला, फूल पाहिलं, पुन्हा दोरा पाहिला. "हे तुला सुचलं कसं?"

"तुम्ही गुलाबी म्हणालात म्हणून. नाहीतर मी आयुष्यभर पिवळंच म्हणत बसले असते."

त्या दिवसापासून गवंड्याला फोन करायचं काम त्याने जरा सैल सोडलं, आणि संध्याकाळी आल्यावर नळाकडे जाण्याआधी तो सोफ्याच्या मागे डोकावू लागला.

नाव मात्र कळत नव्हतं. चिमणीने मोबाईलवर झाडं ओळखायचं अॅप घेतलं. पहिल्या फोटोला अॅप म्हणालं, भेंडी. हे ऐकून आप्पांनी पहिल्यांदाच झाडात रस घेतला. "भेंडी असेल तर राहू दे हो. शेडचं बघू नंतर." पण फुलं गळून त्याजागी फळ धरलं ते काही भेंडीसारखं लांबट नव्हतं. भोवऱ्यासारखं गोल आणि टोकाला अणकुचीदार. दुसऱ्या फोटोला अॅप म्हणालं, जास्वंद. नुसत्या पानाचा फोटो दाखवला तर म्हणालं, अंजीर. "याला काहीच येत नाही," चिमणी म्हणाली आणि अॅप काढून टाकलं.

शेवटी सूनबाईने एक डहाळी तोडली, सुकू नये म्हणून ओल्या कापसात गुंडाळली आणि रस्त्याच्या टोकाला रोपं विकणाऱ्या मावशींकडे गेली. मावशींची कुंड्यांची मोठी वाडी होती. त्यांनी कापूस सोडवून बाजूला टाकला, डहाळी हातात फिरवली, फूल उपडं करून पाहिलं.

"माझं सगळं ज्ञान कुंडीतलं," मावशी म्हणाल्या. "जे कुंडीत घालून विकलं जात नाही, ते मला येत नाही. पण हे बघ, मधला दांडा बघितलास? सगळे पुंकेसर एकत्र, एकाच नळीवर. असं भेंडीला असतं आणि जास्वंदीलाही असतं."

"मोबाईल तेच म्हणत होता."

"मग मोबाईल अगदीच चुकला नाही. घर बरोबर शोधलं, दार चुलतभावाचं वाजवलं." मावशी हसल्या. "हे त्याच कुळातलं कोणीतरी आहे. फळ वाळू दे. कापायची घाई करू नकोस. वाळलं की ते आपणहून सांगेल."

घाई करू नकोस असं सांगितल्यावर सूनबाईने दुसऱ्याच दिवशी एक हिरवं फळ तोडून खोळी कापायच्या कात्रीने मधोमध चिरलं. आत सोललेल्या लसणासारख्या, ओल्या, घट्ट बसवलेल्या पाकळ्या होत्या. वास ताज्या कापलेल्या गवताचा.

"खायचं असेल का?" चिमणीने विचारलं.

"आधी तुझ्या बाबांना देऊन बघू," सूनबाई म्हणाली. पण गंमत तिथेच राहिली, कारण फळ विषारी आहे की काय ते सांगता येत नव्हतं. चिरलेलं फळ खिडकीत ठेवलं, ते आक्रसून दगडासारखं झालं आणि काहीच सांगितलं नाही.

मग दुकानात एका वसतिगृहाच्या गाद्यांची मोठी ऑर्डर आली. मशीन सकाळपासून चालू, घरभर कापूस. केसांत कापूस, चहात कापूस, झोपताना उशीवर कापूस. अशा दिवसांत गादीवाल्यांना कापूस दिसेनासाच होतो. सूनबाई धुणं टाकायला मागे जायची आणि तशीच परत यायची. झाडाकडे तिचं लक्ष गेलं ते एकदाच, आणि तेही अर्धवट. एका फांदीला मळकट, चहाच्या रंगाचा पुंजका लागलेला दिसला. जुन्या गादीतला असणार, असं म्हणून तिने जाता जाता हाताने झटकला. तो पडला नाही. तिला दुकानातून हाक आली आणि ती निघून गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी आप्पा परसात गेले आणि ओरडायला लागले. "सूनबाई! किती वेळा सांगितलं, मशीन चालू असताना मागचं दार लोटून घेत जा! बघ, सगळा कचरा उडून झाडाला चिकटलाय."

"काढते नंतर!" मशीनच्या आवाजातून ती ओरडली.

नंतरवर आप्पांचा विश्वास नव्हता. त्यांनी स्वतःच पुंजका धरून ओढला. तो लांबत गेला, पण सुटला नाही. त्यांनी दुसरा ओढला. तोही नाही. मग सवयीने त्यांच्या दोन बोटांनी तंतू धरून ताणला, आणि डोळे आपोआप मिटले. "लांब आहे," ते स्वतःशीच पुटपुटले. "मऊ आहे. मिसळ नाही." त्यांनी पुन्हा हात घातला, पुंजक्याच्या पार आत. बोटांना काहीतरी कठीण, गोल लागलं.

सरकी.

सरकी, म्हणजे कापसाचं बी, त्यांनी आयुष्यात हजारदा पाहिली होती. मशीनखाली पडायची, झाडून फेकायची वस्तू. पण ती देठाला धरून, फांदीला धरून, मातीला धरून असलेली त्यांनी कधी पाहिली नव्हती.

"सूनबाई," ते म्हणाले. यावेळी ओरडले नाहीत. आप्पांची न ओरडलेली हाक इतकी नवीन होती की तिने मशीन बंद केलं आणि धावत आली.

"काय झालं? बरं वाटत नाही का?"

"हा उडून आलेला नाही," आप्पा म्हणाले. त्यांच्या हातात तडकलेलं, वाळलेलं फळ होतं. त्याच्या चार फाका उलगडल्या होत्या आणि प्रत्येकीतून कापूस उतू चालला होता. "हा इथूनच निघालाय."

सूनबाईने फळ पाहिलं. मग तिने स्वतःचे हात पाहिले, कोपरापर्यंत कापसाने माखलेले. आणि ती इतकी हसली की तिला सोफ्याचा आधार घ्यावा लागला. चिमणी घरात होती, ती बाहेर आली. तिला कळायला एक क्षण लागला.

"आजोबा," ती म्हणाली, "काखेत..."

"पुरे. ती म्हण मला येते."

आप्पा त्या बेवारस सोफ्यावर बसले. बराच वेळ त्यांनी ते बोंड फिरवून फिरवून पाहिलं. "मला वाटायचं कापूस म्हणजे गाठ," शेवटी ते म्हणाले. "गाठ ट्रकमधून येते. ट्रक गोदामातून येतो. झाडाला लागतो हे माहीत होतं ग, माहीत कसं नसेल? पण माहीत असणं वेगळं. त्याला फूल येतं, ते सकाळी एका रंगाचं, संध्याकाळी दुसऱ्या रंगाचं, हे मला कुणी सांगितलं नाही."

"तुम्ही कुणाला विचारलं होतं का?"

"तेही खरंच," आप्पा म्हणाले.

संध्याकाळी धाकटा आल्यावर सगळं पुन्हा एकदा सांगून झालं. सूनबाईचं डोकं मात्र तोवर पुढच्या प्रश्नाला लागलं होतं. कापूस होता हे ठीक. पण हा मळका का? पावसाने कुजला म्हणावं तर पाऊस झाला नव्हता. धूळ म्हणावी तर नुकतं तडकलेलं बोंड तिने नखाने उघडलं, त्याच्या आतही तोच चहाचा रंग. तिने चिमूटभर कापूस साबण लावून नळाखाली खसाखसा धुतला. तो उजळायच्या ऐवजी आणखी गडद झाला.

"हा मळ नाही," ती म्हणाली. "हा रंगच आहे."

"असा रंग नसतो कापसाला," धाकटा म्हणाला.

आप्पा तो ओला कापूस बोटांत चाळत होते. "हा मी हाताळलाय," ते सावकाश म्हणाले. "रंगाचं लक्षात नाही. पण हा लांबपणा, हा मऊपणा... गेल्या वर्षी. लाँड्रीवाल्यांची गादी."

मग सूनबाईलाही आठवलं. दोन गल्ल्या पलीकडच्या लाँड्रीवाल्या काकांनी एक जुनी जाड गादी आणली होती. आतला कापूस सगळा तपकिरी. "काळा पडलाय, फेकून द्या आणि नवा भरा," असं त्यांनी स्वतःच सांगितलं होतं. तो न पिंजताच पोत्यात भरून याच कोपऱ्यात ठेवला होता. कचऱ्याची गाडी येईपर्यंत मांजरांनी पोतं फाडून त्यात संसार मांडला होता. त्यातलीच एखादी सरकी मातीत गेली असणार.

दुसऱ्या दिवशी सूनबाई दोन बोंडं रुमालात घेऊन लाँड्रीत गेली. आत इस्त्रीची वाफ, प्लास्टिक चढवलेले कोट आणि शर्टांच्या सरळ रांगा. काकांचं दुकान इतकं स्वच्छ की आत जाताना माणूस आपोआप चपला पुसायचा. काका एका कॉलरवर वाकले होते.

"या सूनबाई. गादी अजून छान आहे हो. काही काम होतं का?"

तिने रुमाल उघडला. काकांनी चष्मा वर केला. "हे काय आणलंत? पाखराचं घरटं?"

"तुमच्या गादीतला कापूस," ती म्हणाली. "आमच्या परसात उगवलाय." आणि तिने फुलापासून सुरुवात करून सगळं सांगितलं. साबणाचं सांगताना काकांनी इस्त्री उभी करून ठेवली. "धुतल्यावर आणखी गडद होतो. तो काळा पडलेला नव्हता, काका. तो तसाच होता."

काकांनी एक बोंड उचललं. कपड्यावरचा डाग कशाचा आहे ते शोधताना धरतात तसं, उजेडाकडे धरून.

"ती गादी आईची," ते म्हणाले. "मी लहान असताना शाळेतली मुलं घरी आली होती. एकाने उसवलेल्या शिवणीतून बोट घालून कापूस काढला आणि म्हणाला, तुमच्याकडे गादीत माती भरतात का? त्यानंतर मी कुणाला घरी आणलं नाही. आई म्हणायची, अरे मळ नाही तो, जातच तशी आहे. दर काही वर्षांनी माहेरून तिची बहीण असलाच कापूस धाडायची आणि ती त्यात भर घालायची. मी म्हणायचो, तुझ्या माहेरचे घाणेरडा माल गळ्यात मारतात." त्यांनी बोंड बोटांत फिरवलं. "आम्ही सगळेच हसायचो. ती चिडायची नाही. एवढंच म्हणायची, बरं बाबा, मळका तर मळका."

बाहेर एक बाई साड्यांचं गाठोडं घेऊन आली, काकांनी तिला जरा थांबायची खूण केली.

"आणि मी धंदा कसला धरला बघा," ते म्हणाले आणि हसायला गेले, पण हसू अर्ध्यावरच राहिलं. "हे मी ठेवू?"

"तुमचंच आहे. झाडही बघायला या."

त्या आठवड्यात गवंडी खरोखरच आला. धाकट्याने त्याला आधी झाडापाशी नेलं, दोऱ्यांच्या गाठी दाखवल्या आणि एकाच फुलाचे दोन रंग इतक्या तपशिलात समजावले, की गवंडी म्हणाला, "दादा, शेड घालायचीय की शाळा?" शेड शेवटी नळाच्या बाजूला, ठरल्यापेक्षा जरा अरुंद उभी राहिली. सोफा मात्र आप्पांनी हलवू दिला नाही. त्यांना दुपारी तिथे बसायचं असायचं.

लाँड्रीवाले काका आपल्या सुट्टीच्या दिवशी आले, कडक इस्त्रीच्या शर्टात. झाडाला त्या दिवशी दोन पिवळी फुलं होती, तीन गुलाबी, आणि सात-आठ बोंडं फुटलेली. काकांनी एकेका बोंडाला हात लावला. आप्पांनी त्यांना शेजारी बसवून घेतलं आणि बोटांनी सरकी कशी वेगळी करायची ते दाखवायला सुरुवात केली. दोघांच्या मांडीवर तपकिरी कापसाचे लहान लहान ढीग जमत गेले.

"काका," सूनबाई म्हणाली, "तुमच्या आईच्या माहेरी हा कापूस आला कुठून?"

"काय माहीत. आम्ही कधी विचारलंच नाही."

"ती बहीण? पाठवायची ती?"

"माझी मावशी? आहे ना अजून. थकलीय, पण बोलते खणखणीत."

"फोन लावा की."

"आत्ता?"

"मग कधी?"

काकांनी फोन लावला आणि आवाज मोठा केला. पलीकडे कुणीतरी फोन आत नेल्याचा, खुर्ची सरकवल्याचा आवाज आला, आणि मग म्हाताऱ्या बाईचा, जरा ओरडून बोलणारा आवाज. काकांनी दोनदा सांगितल्यावर तिला कळलं.

"उगवला? तुमच्याकडे?" मावशी म्हणाली. "अगबाई. माझ्याकडचं बी कधीच संपलं. आमच्या आजीच्या वेळचा तो. ती कुंपणाला लावायची. कुणी विकत घेत नसे ना तो, म्हणून घरच्या गाद्यांना. तुझी आई म्हणायची, यावर झोप चांगली लागते."

काका फोनकडे बघत राहिले.

"मावशी, मी गादीवाल्यांची सूनबाई बोलतेय," सूनबाई पुढे झाली. "त्याला फूल पिवळं येतं आणि मग गुलाबी होतं, तसंच होतं का तुमच्याकडे?"

"तसंच. आणि ऐक, तुमचा कुठल्या रंगाचा निघालाय?"

"तपकिरी. चहासारखा."

"एवढाच? दुसरा नाही आला?"

"दुसरा कुठला?"

"अगं, आजीकडे हिरवा पण होता."

आप्पांनी मांडीवरचा कापूस बाजूला ठेवला, हात पुढे करून फोन मागून घेतला, आणि तो तोंडाच्या अगदी जवळ धरून विचारलं, "हिरवा म्हणजे कसा हिरवा? जरा नीट सांगा बघू, अगदी पहिल्यापासून."